युकीचा कोट

युकीला कुणी पामेरियन म्हटलं की भट्टीकाका भररस्त्यात भांडायला उभे राहायचे. "पामेरियन नाही जी, जपानी स्पिट्झ! बुद्धाला मानणाऱ्या देशातली पोरगी आहे, नीट नाव घ्या." समोरचा हसायचा आणि काका आणखी चिडायचे.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर २ मध्ये काका आमचे शेजारी. कारखान्यात लोखंड वितळवायच्या भट्टीवर उभी हयात घालवून निवृत्त झाले, पण पाय घरात ठरत नव्हते. मुलगी नोकरीसाठी परदेशी जाताना आपली कुत्री युकी त्यांच्याकडे सोपवून गेली आणि काकांना फिरायला निमित्तच मिळालं. युकीही तशीच चुळबुळी. दारात चिमणी उतरली तरी भुंकून घर डोक्यावर घ्यायची. अंगावर कारखान्याची तांबडी धूळ बसली की काका कंगवा फिरवायचे, धूळ झडायची आणि खालून पांढरीशुभ्र युकी निघायची. "रोज आंघोळ कावून घालू? हे आपली आपण साफ होते," असं कौतुकानं सांगायचे.

त्या मे महिन्यात उन्हानं कहर केला. युकीची धाप काकांना बघवेना. सुपेल्याच्या बाजारातून केस कापायचं मशीन आणून त्यांनी तिचे सगळे केस उतरवले. "आता हलकं वाटन पोरीले." मी तिथेच उभा होतो. मलाही बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फिरताना ऊन चढलं आणि युकी रस्त्यावरच कोसळली. डॉक्टरांनी सांगितलं, केसांमुळेच तिला ऊन लागत नव्हतं, आता आशा कमी आहे. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "भट्टीपुढं आमी जाड कोट कावून घालत होतो? आच लागू नये म्हणूनच ना! जनमभर घातला, अन् पोरीचा मीच उतरवला!"

संध्याकाळच्या आत युकी गेली. मुलीचा रोजचा व्हिडिओ कॉल यायची वेळ झाली होती. मी घाबरून म्हणालो, "काका, आजारी होती म्हणून सांगा." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, वाजणारा फोन उचलला.

"बाई, युकी गेली. मी तिचे केस काढले, त्यानं गेली."

मुलगी रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तिला थंड वाटावं म्हणूनच केलं ना तुम्ही?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. काका म्हणाले, "तुले विचारलं असतं तं जगली असती."

काकांना जाऊनही आता काही वर्षं झाली. माझ्या हातून चूक झाली की तोंडात अजूनही आधी सबबच येते, आणि मग काकांचं ते उत्तर आठवून दिवसभर मला स्वस्थ बसवत नाही.