डोळे मिटून बोलणाऱ्या पाळकबाई

पाळकबाईंना कुणाला चार शब्द सुनवायचे असले, की त्या डोळे मिटत. समोरासमोर त्यांनी कधी कुणाचा पाणउतारा केला नाही. चर्चच्या पाळकाच्या बायकोनं भांडू नये, हा त्यांनी स्वतःच स्वतःला घातलेला नियम होता. पण प्रार्थनेत देवाशी काय बोलायचं, याला कुठलाच नियम नव्हता. "हे प्रभू, आमच्या मालूला तू इतका गोड गळा दिलास, आता तिला वेळेवर उठायचीही बुद्धी दे," असं त्या रविवारच्या उपासनेत भर मंडळीसमोर म्हणत, आणि सगळी मंडळी एका सुरात 'आमेन' म्हणे. मीच ती मालू. देवाच्या आडून मारलेल्या ह्या टोमण्यांना उत्तर कसं द्यायचं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि आता पाळकबाईच नाहीत.

आमचं पालघरचं चर्च म्हणजे स्टेशनापलीकडची एक कौलारू खोली. खाली चटया, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. पाळकसाहेब मितभाषी. त्यांचं प्रवचन लवकर आटपायचं आणि वाचलेला सगळा वेळ बाईंची प्रार्थना घ्यायची. ती सुरू व्हायची देशाच्या पंतप्रधानांपासून. मग मामलेदार, स्टेशनमास्तर, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, शाळेतली नापास झालेली पोरं, पाळकसाहेबांचा गुडघा, आणि शेवटी दारातली शेळी. भुकेजलेली माणसं एक डोळा किलकिला करून बाईंकडे बघत, पण प्रार्थना अजून मामलेदारांच्याही पुढे सरकलेली नसे. एकदा मी धीर करून म्हटलं, "बाई, देवाला हे सगळं ठाऊकच असतं ना?" त्या म्हणाल्या, "असतं की. तुझ्या घरी लग्न आहे हे तुलाही ठाऊक असतं. तरी शेजारीण येऊन चौकशी करून गेली की बरं वाटतं ना तुला? त्यालाही वाटत असेल."

त्या मूळच्या नगरकडच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन इकडे आल्यावर, आणि सुकटीचा वास आला की म्हणे नाकाला पदर लावून आत पळायच्या. ती खोड मोडली सातपाटीच्या हिराबाईनं. हिराबाई पालघरच्या बाजारात मासळी विकून झाली की रिकामी टोपली घेऊन बाईंच्या ओसरीवर टेकायची, चहा प्यायची, आणि उरलेसुरले बोंबील बाईंच्या ताटलीत टाकायची. एक पाळकाची बायको, एक देवीची भक्त, पण दोघींना एकमेकींच्या देवाचा कधी अडसर झाला नाही. बाईंच्या प्रार्थनेत शेळीच्या जरा अलीकडे हिराबाईच्या नवऱ्याच्या होडीचाही नंबर लागायचा.

त्या वर्षी नाताळ झाल्यावर विलायतेहून पाच तरुणांचं एक पथक आमच्याकडे आलं. तिथल्या कुठल्याशा चर्चच्या तरुण संघाची ही मुलं. एका हिवाळ्यापुरती परदेशी सेवा करायला आली होती. मनोरच्या बाजूला एका पाड्यावर शाळेसाठी एक खोली बांधायची, मुलांना गाणी शिकवायची, आणि उन्हाळा तापायच्या आत बोटीनं परत जायचं. तारापूरला परदेशी इंजिनिअर येऊन अणुवीजकेंद्राचं काम सुरू झालेलं असल्यानं बोईसर-पालघरात गोऱ्या माणसांचं नवल राहिलं नव्हतं. ही मंडळी स्टेशनावर उतरली तेव्हा टांगेवाल्यांनी काही न विचारता सामान उचलून "तारापूर, तारापूर" म्हणायला सुरुवात केली. मुलांची राहायची सोय पाळकसाहेबांच्या घरी झाली. मी शाळेत शिकवत होते आणि इंग्रजी बरं होतं, म्हणून दुभाषी मी.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी डोळे मिटले. "हे प्रभू, ही लेकरं सातासमुद्रापलीकडून आलीत. मागे राहिलेल्या त्यांच्या आयांना धीर दे. आणि लेकरांना हेही समजू दे, की हंड्यातलं पाणी पिण्यासाठी असतं, त्यात हात बुडवून तोंड धुवायचं नसतं." मी आयांपर्यंतचं भाषांतर केलं आणि थांबले. पथकाचा पुढारी चष्मेवाला, फार गंभीर मुलगा होता. त्यानं विचारलं, बाई आणखीही काही म्हणाल्या ना? मी म्हटलं, पाण्याबद्दल देवाचे आभार मानले. पुढेही पाळकबाईंच्या प्रार्थनेचा निम्मा भाग मी विलायतेपर्यंत पोचू दिला नाही.

त्या पाचांत सगळ्यात लहान होता पीटर. बाईंनी त्याला 'पेत्र' केलं. उन्हानं कान लाल झालेला, वेलीसारखा वाढलेला पोरगा. भिंत बांधायला घेतली की ती त्याच्यासारखीच एका बाजूला कलायची, म्हणून पाड्यावर त्याला फक्त दगड वाहायचं काम होतं. पण घरी बाईंची आख्खी प्रार्थना डोळे मिटून ऐकणारा तो एकटाच. मी एकदा त्याला विचारलं, तुला काय कळतं यातलं? तो म्हणाला, "आमच्याकडे सगळे देवाशी पाहुण्यासारखं बोलतात. ह्या बाई घरच्यासारखं बोलतात. एवढंच कळतं."

त्याचं सगळं मराठी ह्या प्रार्थनांतून आलेलं. त्यामुळे मराठीत काही मागायचं तर सुरुवात 'हे प्रभू' अशीच करायची, असा त्याचा समज झाला. पंगतीत तो नम्रपणे म्हणायचा, "हे प्रभू, चटणी दे." आम्ही हसून लोळायचो. बाईंनी मात्र त्याला कधी दुरुस्त केलं नाही. एकदा त्यानं ओसरीवर हिराबाईपुढे हात जोडले आणि म्हणाला, "हे प्रभू, बोंबील दे." हिराबाई म्हणाली, "मी परभू नाय रं बाबा, मी हिरा. पन बोंबील घे तू." आणि तिनं टोपलीतले होते नव्हते तेवढे त्याच्यापुढे ओतले.

पाड्यावरची खोली उभी राहिली. पथकाला पुढे गुजरातच्या बाजूच्या चर्चमध्ये जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी पेत्रला हुडहुडी भरली. पाड्यावर ओढ्याचं पाणी प्यायला असणार. डॉक्टरांनी तपासलं आणि मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड आहे म्हणून सांगितलं. औषध इथे मिळेल, पण पोराला हलवायचं नाही. पुढाऱ्याचा पाय निघेना. शेवटी बाकीच्यांना पोचवून मी येत-जात राहतो, असं कबूल करून तो गेला. पेत्रला बाईंनी आतल्या खोलीत निजवलं.

त्या खोलीबद्दल मंडळीतली वडीलधारी माणसं कधी बोलत नसत. बाईंचा एकुलता एक मुलगा, विजू, ह्याच तापानं ह्याच खोलीत गेला होता. मी तेव्हा लहान होते. आई सांगायची, विजू आजारी असताना बाई इतक्या मोठ्यानं प्रार्थना करायच्या, की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. पोरगा काही राहिला नाही. तेव्हापासून बाईंच्या प्रार्थनेत सगळ्या जगाचं नाव आलं, शेळीचंही आलं, विजूचं नाव कधी आलं नाही. इतकी वर्षं ऐकूनही माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. पेत्र त्या खोलीत पडला तेव्हा आलं.

आणि त्याच दिवसापासून पाळकबाईंची प्रार्थना बंद झाली. रविवारी सवयीप्रमाणे पाळकसाहेब म्हणाले, "आता बाई प्रार्थना करतील." बाईंनी नुसती नकाराची मान हलवली. चर्चमध्ये अशी शांतता पसरली, की बाहेर शेळी रवंथ करते आहे तेही ऐकू यावं. शेवटी पाळकसाहेबांनीच चार वाक्यं म्हटली. बाई घरी गेल्या आणि पाणी उकळायला ठेवलं. पेज, कपाळावरच्या ओल्या घड्या, बिछान्याची चादर धुणं, यातून त्यांनी डोकं वर काढलं नाही. मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मालू, एकदा मागून बघितलंय मी त्याच्याकडे. परत मागायला तोंड उघडत नाही गं. आणि मागितलं आणि पुन्हा तसंच झालं, तर मी राहायचं कुणाच्या भरवशावर?" मी घडी पिळून त्यांच्या हातात दिली.

डॉक्टर म्हणाले होते, बर्फ मिळाला तर डोक्यावर ठेवा. पालघरात बर्फ कुठला? तो सातपाटीला, मासळीसाठी. हिराबाई रोज सकाळच्या एसटीनं टोपलीत भुशात गुंडाळलेली लादी घेऊन यायची. त्या बर्फाला पापलेटाचा वास यायचा. तापाच्या गुंगीत पेत्रनं एकदा डोळे उघडले, नाक हुंगलं आणि पुटपुटला, "हे प्रभू, मासा." त्या सगळ्या दिवसांत बाई तेवढ्या एकदा हसल्या, आणि हसता हसता तोंड भिंतीकडे केलं.

एक दिवस डॉक्टर आले, नाडी धरून बसले, आणि मान हलवत निघून गेले. ओसरीवर हिराबाई बसली होती. ती बाईंना म्हणाली, "बाय, तुजा देव मोटा हाय, मी काय नाय म्हनत नाय. पन तू त्याला काय बोलतच नाय आता. मंग मी आमच्या देवीला बोलू का? पोर उटून बसला तर नारल नि खन देयीन तिला."

मी आधी इकडेतिकडे पाहिलं, मंडळीतलं कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. पाळकाच्या घरात बसून देवीला नवस बोलायचा, म्हणजे केवढा गहजब झाला असता. बाईंच्या हातात ओली घडी होती. ती त्यांनी सावकाश पिळली. म्हणाल्या, "बोल हिराबाई. माझ्यानं बोलवत नाही. तुझ्यानं होत असेल तर तू बोल."

मला तेव्हा भीती वाटली. आज वाटते ती माया. ज्या एका गोष्टीवर ह्या बाईचं सगळं आयुष्य उभं होतं, ती तिनं परक्याच्या पोरासाठी बाजूला ठेवली होती. तेवढी छाती माझी झाली नसती.

पेत्रचा ताप उतरला. हळूहळू उतरला, एकदा उलटलाही, पण उतरला. हाडांचा सापळा उठून भिंतीला टेकून बसला आणि "हे प्रभू, पेज दे" म्हणाला. पुढारी आला तो गुडघ्यावर बसून रडला. चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली. सगळे बाईंकडे बघत होते. बाई खाली चटईकडे बघत होत्या. मला वाटलं होतं, पोरगा वाचल्यावर त्यांचं तोंड उघडेल. नाही उघडलं. मला काही सुनवायचं असलं तर आता त्या उघड्या डोळ्यांनी सरळ बोलायच्या, चारचौघींसारख्या, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

बोटीचा दिवस आला. पालघर स्टेशनावर पेत्रला पोचवायला आम्ही गेलो. गाडी दिसायला लागली तेव्हा तो टोपल्या नि गोण्यांच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि त्याच्या त्या मराठीत म्हणाला, "हे प्रभू, आमच्या पाळकबाई तुझ्याशी बोलत नाहीत. त्यांना राग आहे. तू आधी बोल." बाईंनी पदरानं डोळे पुसले. "चढ आता, गाडी सुटेल," एवढंच म्हणाल्या. गाडी गेल्यावर फलाटावरून हलायला मात्र त्यांनी फार वेळ घेतला.

पुढच्या आठवड्यात हिराबाई ओसरीवर येऊन म्हणाली, "पोर तर गेला बाय. पन देवीला बोललेला ठेवायचा नाय. मी फेडून येतं." बाई उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मी येते. मालू, तूही चल."

सातपाटीला दुपार कलली होती. वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाट काढत आम्ही देवळापाशी आलो. नारळ आणि खण घेऊन हिराबाई आत गेली. बाई बाहेर थांबल्या. आत पाऊल टाकलं नाही, आणि लांबही सरकल्या नाहीत. चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. खाडीवरून गार वारा सुटला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचे डोळे मिटलेले.

"हे प्रभू," त्या म्हणाल्या. "पेत्र वाचला. तुझ्यामुळे, का हिराबाईच्या देवीमुळे, का डॉक्टरांच्या औषधामुळे, ते तुमचं तुम्ही बघून घ्या. मी सगळ्यांना सलाम करते. त्याला बोटीवर जास्त खाऊ देऊ नकोस, पोट अजून नाजूक आहे. हिराबाईच्या होडीला मासळी मिळू दे. मालूला चांगला नवरा मिळू दे, पण लवकर उठणारा दे, नाहीतर दोघंही उपाशी राहतील."

इथे त्या थांबल्या. झालं असेल म्हणून मी एक डोळा उघडला. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. मग आला.

"आणि आमचा विजू तुझ्याकडे आहे. इतकी वर्षं मी त्याची चौकशी केली नाही, रागात होते. संध्याकाळचं त्याच्या कानाला काहीतरी बांधत जा. त्याला गार वारा सोसत नाही."

आमेन म्हणायला तिथे मी एकटीच होते.