मी धुऊन टाकलेला उजेड

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. तरी हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही... कारण ते सांगायचं तर आधी स्वतःचा खोटेपणा सांगावा लागतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. जिल्हा तेव्हा चांदा. धानोऱ्याजवळच्या एका गावातल्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत. एके दुपारी दसरू आला. तो तळ्यावर मासे धरायचा. त्याच्या बायकोचा, मुक्ताबाईचा पाय गाळातल्या शिंपल्यानं कापला होता. म्हणाला, "भाऊ, तिच्या पायाले उजेड येऊन राह्यला."

मी हसतच गेलो. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत तिला एकटीला बसवलं होतं. शेजारचे उंबरठ्याच्या बाहेरूनच बघत होते. दार लोटलं आणि खरंच... जखमेवर निळसर उजेड. पू नाही, सूज नाही. ठणकाही कमी झालाय म्हणाली. उजेड राहू द्या म्हणून तिनं दोनदा विनवलं.

पण दाराशी माणसं होती ना! यात काही अमानवी नाही हे मला दाखवायचं होतं. जंतुनाशक कार्बोलिकनं जखम घासून घासून धुतली. उजेड गेला. मी ऐटीत बाहेर आलो.

चौथ्या दिवशी पाय काळा पडला, अंगात ताप. बैलगाडीनं गडचिरोलीला निघालो. वाटेत तिनं माझा हात धरला.

"तो उजेड परत लावून द्या ना, भाऊ."

गडचिरोली यायच्या आधीच ती गेली.

पंधरा-वीस दिवसांनी दसरू मी दिलेल्यातल्या उरलेल्या पट्ट्या परत द्यायला आला. मी औषधांच्या अंधाऱ्या खोलीत होतो. त्यानं विचारलं, ती काऊन गेली? मी म्हणालो, "तुम्ही मला बोलवायला उशीर केला."

वाक्य पुरं झालं आणि माझी उजव्या हाताची बोटं उजळली — पिवळी. जखम नाही, ओरखडा नाही. दसरूनंही पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा काढून त्यानं माझ्या हातावर टाकला.

"झाकून ठेवा भाऊ. लोक भितात."

माझी पुतणी कॉलेजात जीवाणूशास्त्र शिकवते. कुणाचंही नाव न घेता मी तिला त्या पायाबद्दल आणि हाताबद्दल विचारलं. ती म्हणाली, काही जीवाणू उजेड देतात, त्यातले काही दुसऱ्या घातक जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणजे मी काय धुतलं ते कळलं. काहींच्या अंगात एक प्रथिन असतं, ते निळ्याचा पिवळा उजेड करतं. पण असे पिवळे समुद्रात सापडलेत... आणि रोज साबणानं धुतलेल्या कोरड्या हातावर ते जगत नाहीत.

तो हात कुणाचा, हे मी तिला सांगितलं नाही. बोटं का उजळली, मला आजही माहीत नाही. दसरू मात्र मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिला, "मीच उशीर केला." मी ऐकत होतो.