पुंडलिकानं न लावलेला कौल

वडखळच्या खाली, खाडीला चिकटून असलेल्या त्या गावात देव बोलायचा तो पुंडलिकाच्या हातून. हे त्याच्या घराण्याचंच काम. लग्न जमवायचं असो की होडी पाण्यात लोटायची असो, माणसं बापदेवाच्या पाषाणापुढे बसायची आणि पुंडलिक फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन खांद्यांना चिकटवायचा. उजवी आधी गळली की होकार, डावी गळली की नकार. झाला कौल. चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांचीही त्या दोन पाकळ्यांपुढे अक्कल चालत नसे, मग बाकीच्यांचं काय सांगावं!

आणि पुंडलिक तरी काय कमी भाविक? पाकळी लावताना त्याच्या अंगावर काटा यायचा. देव खरोखर आपल्या बोटांशी येऊन उभा राहतो, असं त्याला वाटायचं.

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास त्याचा शेजारी गुणाजी याला शेतात जनावर डसलं. पेणच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपून तयार होती. पण कौलाशिवाय गाडी हलवायची कशी? पुंडलिकानं पाकळ्या लावल्या. डावी गळली. बैल सोडले, मांत्रिकाला बोलावलं, आणि दिवस मावळायच्या आत गुणाजी गेला. दोघांचं महिन्याभरापूर्वीच शेताच्या हद्दीवरून वाजलं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. गुणाजीची बायको ठमाबाई पुंडलिकाला एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. समोरासमोर घरं, पण तो अंगणात आला की ती आत जायची. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो बायकोला, पुतळीला म्हणायचा.

तेरावं झालं तसं त्यानं चुलतभाऊ कमळाकरला बोलावलं आणि देवळाची किल्ली त्याच्या हातात दिली. "आजपासून तू बघ. माझा देव गेला." गावानं कानांत बोटं घातली. नास्तिक म्हणाले, कुळबुडव्या म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं आणि मिठागरावर कामाला जाऊ लागला.

पण देव सोडला म्हणून सुटतो थोडाच? सासुरवाडी रोह्याची, नदीपलीकडच्या अष्टमी गावातली. एकदा तिकडे गेलेला असताना रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीरमहाराजांची पालखी समोरून आली आणि याचे हात आपसूक जोडले गेले. पुलावरून परतताना गडी स्वतःवरच चिडला. "मानत नाय, तर हात कुणाला जोडले मी?" पुतळी म्हणाली, "जोडले तर जोडले. झिजले काय?" पण त्याला चैन पडेना. असला हा माणूस. मानलं तेही मनापासून, नाकारलं तेही मनापासून. आपल्यासारखं अडलं की देव आणि भागलं की कोण देव, हे त्याला साऱ्या जन्मात जमलं नाही.

पुढे एका श्रावणात पुनवेच्या उधाणानं खाडीचा बांध फुटला. मोठी खांड पडली आणि खारं पाणी लावणी झालेल्या भातात शिरलं. पाणी कमी चढतं त्या भांगाच्या दिवसांतच अशी खांड बुजवावी लागते. अवसेचं उधाण आलं की बांध हातचा जातो, आणि मग त्या जमिनीत वर्षानुवर्षं दाणा पिकत नाही. पण कौल उजवा आल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही, लावला तर बापदेव माणूस घेतो, ही तिथली समजूत. कमळाकरनं कौल लावला. डावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा. भांग सरत चालला आणि गाव आपलं देवळात हातावर हात ठेवून बसलेलं!

शेवटी गावचा पंच हैबतराव पुंडलिकाच्या अंगणात येऊन उभा राहिला. "एकदा तू लाव. लोकांचा तुझ्या हातावर अजून भरवसा हाय." मग म्हणाला, "उजवी पाकळी जराशी कोरडी ऱ्हायली तर कुणाला दिसतंय?"

सगळ्यांची शेतं त्या पाण्याखाली होती, पुंडलिकाचंही होतं. पुतळी म्हणाली, "तुम्ही तर देव मानत नाय. मग फिरवली पाकळी तर खोटं कुणाशी होतंय?"

"देवाशी नाय गो," तो म्हणाला. "जी मानतात त्यांच्याशी. आज मी पाकळी फिरवली तर शेतं वाचतील, व्हय. पण उद्या त्याच पाकळीवर परत कुणाच्या तरी गाडीचे बैल सोडतील. मी नाय लावणार."

तो उठला आणि तडक देवळाच्या दारात गेला. "कौल डावाच हाय. माझ्याकडं दुसरा कौल नाय. मी खांड बुजवायला चाललोय. देवाला माणूस घ्यायचाच असला तर मी असेन पाण्यात."

एकटा माणूस काय बुजवणार? कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो लाकडी मेढी ठोकत होता, चिखल लावत होता, आणि लावलेला चिखल वाहून जात होता. भीती वाटत होती त्याला. देव असलाच तर, हा विचार डोक्यातून जात नव्हता. तरी हात थांबवले नाहीत त्यानं. याला म्हणतात छाती.

तेवढ्यात कुणीतरी काठावरून चिखलाचं मोठं ढेकूळ पुढे केलं. पुंडलिकानं वर पाहिलं. ठमाबाई! कासोटा घालून उभी. मागे तिचे दोघे मुलगे. मग गावातला नाथा आला, गोविंदा आला, बाया आल्या, आणि बघता बघता चिखलाची ढेकळं हातोहात पुढे सरकू लागली. अर्धी खांड बुजल्यावर कमळाकर धावत आला. "उजवा दिला! देवानं उजवा दिला!"

"बरं झालं," पुंडलिक म्हणाला. "ऱ्हा उभा रांगेत."

अवसेच्या आत खांड बुजली. शेवटचं ढेकूळ बसलं तशी माणसं घरी निघाली. ठमाबाई मात्र मागे राहिली आणि इतक्या वर्षांनी बोलली.

"भावजी, हैबतराव तुमच्या अंगणात बोलत व्हते ते मी घरातून ऐकलं. तुमचं आणि यांचं वाजलेलं, म्हणून त्या दिवशी पाकळी तुम्हीच फिरवली असं मी मनात धरून व्हते. पण गाव बुडत असताना ज्यानं फिरवली नाय, त्यानं तेव्हाही फिरवली नसेल."

"नव्हती फिरवली, वैनी," एवढंच पुंडलिकाला बोलता आलं. तो तिथेच चिखलात खाली बसला आणि ढसाढसा रडला. ठमाबाई गेली नाही. त्याचं रडू थांबेपर्यंत बांधावर उभी राहिली.