बादू मामांचा सायलेन्सर

सायलेन्सरची नळी मी थेट व्हॅनच्या चासीला वेल्डिंग करून टाकली आणि वर बादू मामांना ऐटीत सांगितलं, "आता ही हलत नाही." नळी खरंच हलली नाही. बाकी सगळी व्हॅन हलली. जुनं पेट्रोल इंजिन काढून आम्ही जे डिझेल इंजिन बसवलं होतं, ते मुळातच हिवताप भरल्यासारखं थडथडायचं. चौकापर्यंत जाताजाता नळीला मानेपाशी तडा गेला आणि ती केळीवालीच्या पुढ्यात आडवी झाली.

"हलत नाही म्हणालास ते खरं," मामा म्हणाले. "बघ कशी गप पडलीय. उचल आता."

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकतो ते बादू मामा म्हणजे गाडी नीट होण्याआधीच ती नीट झाल्याची बातमी कुमासी शहरभर करणारा फिटर. त्यांची सासू वारली होती. शनिवारी सासरच्या गावी, माम्पाँगला, मयताचा कार्यक्रम होता, आणि मामा सासरच्या बैठकीत छाती ठोकून सांगून बसले होते, "पाहुणे माझ्या गाडीतून येतील. झोपलेलं पोर जागं होणार नाही!"

मयताच्या मांडवात कुठल्या जावयानं काय केलं, हे आमच्याकडे लाऊडस्पीकरवरून पुकारतात. थोरले जावई आन्सू यांचं नाव दर वेळी दोनदा. मामांचं आजवर एकदाही नाही.

"या वेळी तरी नाव येऊ दे," मामी म्हणाल्या, "नाहीतर मी बहिणीशेजारी बसायची नाही. तुमच्याशेजारी तर मुळीच नाही."

मामांनी माझं सगळं काम उखडलं. इंजिनाच्या तोंडाशी जाळीची लवचिक नळी घातली, म्हणजे इंजिनानं खुशाल थडथडावं, मागच्यांना पत्ता लागू नये. मग जाड नळी, आवाज गिळणारे दोन डबे, आणि लॉरीच्या जुन्या टायरचे पट्टे कापून त्यांवर सगळं टांगलं. "नळीला बांधायचं नसतं, लेका, झोपाळ्यात घालायचं असतं." मजबुती बघायला मामा स्वतः गॅरेजच्या खड्ड्यात उतरून नळीला लोंबकळले. नळी टिकली. मामांची चड्डी टिकली नाही.

शनिवारी आमची व्हॅन मांडवामागे इतक्या हळुवार येऊन थांबली, की कुणी वळूनही पाहिलं नाही. पाठोपाठ आन्सूंची भाड्याची बस बोंबलत आली. "आन्सू जावई! आन्सू जावई!" लाऊडस्पीकर गरजला. मामींनी फक्त मामांकडे पाहिलं.

मामांनी काळं वस्त्र कमरेला खोचलं आणि व्हॅनखाली शिरले. तापलेल्या नटांना शिव्या घालत त्यांनी दोन्ही डबे काढले. "चालू कर!"

"मामा, लोक काय म्हणतील?"

"काहीतरी म्हणू देत की! तेवढ्यासाठीच तर मरतोय!"

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. धडाड्‌धड्‌! मांडवभर काळा धूर. बायका उठून उभ्या राहिल्या, ढोलवाल्यांनी ढोल सुरू केले. "बादू जावयांकडून बंदुकांची सलामी!" लाऊडस्पीकर ओरडला. "बादू जावयांकडून!" मामी शाल सावरत बहिणीला खेटून बसल्या.

मयताला सलामी द्यायला बोलावलेले खरे बंदूकवाले तीन म्हातारे अजून काठीनं बंदुकांच्या नळीत दारू ठासत होते. त्यांतला थोरला तरातरा आला. "सलामी आमची अन् नाव तुझं? दंडाची जिनची बाटली काढ."

"पुढच्या शनिवारी देतो, आजोबा."

त्यानंतर बरेच शनिवार गेले. म्हातारा अधूनमधून गॅरेजात डोकावतो. मामा व्हॅनखालूनच ओरडतात, "आवाज माझा मोठा होता, आजोबा! बाटली माझीच तुमच्याकडे लागते!"