रेडिओ त्याचा, कान माझे

मोबाइलवर गाणं लावलं की मला सात रस्त्याजवळच्या भंगार दुकानाबाहेर बसणारा तो म्हातारा आठवतो. जळक्या पंख्याची तार सुताच्या रिकाम्या नळीवर गुंडाळायचा, गंजक्या ब्लेडवर पेन्सिलीचं शिसं टेकवायचा, की झाला बिनबॅटरीचा रेडिओ. ऐकायचं मात्र मी. जुन्या फोनचा रिसीव्हर माझ्या कानाला लावून तो माझ्या तोंडाकडे बघत पेन्सिल हलवायचा.

“तुम्ही का ऐकत नाही?” मी एकदा खुणेनं विचारलं.

“यंत्रमागाच्या खडखडाटात कान गेले की. तुमी हसला, की म्हनायचं गाणं लागलं.”

शेवटच्या भेटीत कितीतरी वेळ रिसीव्हरमधून काहीच येईना. त्याचे डोळे माझ्या तोंडावरून हलेनात. शेवटी मी हसलो.

त्यानं पेन्सिल तिथंच थांबवली आणि तो मान डोलवू लागला.