मागच्या बाकावरून

गडहिंग्लजकडच्या दानेश्वरीनं बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा घरचे सगळे खूश होते. धास्ती तेवढी तिला एकटीला होती. घरात कन्नड बोलणारी ही पोरगी चार माणसांत मराठी बोलायची वेळ आली, की आधी मनातल्या मनात वाक्य जुळवायची. इंटर्नशिपला कळंब्याजवळची शाळा मिळाली. सुरुवातीला शिकवायचं नव्हतं, नुसतं मागं बसून इतरांचे तास बघायचे होते.

संयोगिता मॅडमच्या वर्गात बाजार भरल्यासारखा गलका असे. जोतीराम सरांच्या गणिताच्या तासाला मात्र पंख्याची करकर ऐकू यायची. वर्ग हातात ठेवायला शिकायचं तर सरांकडून, असं सगळेच म्हणत. दानेश्वरी त्यांच्या सहावीत जाऊन बसली. पुढून शांत दिसणारा तो वर्ग मागून वेगळाच होता. बाकांखाली पोरांचे पाय थरथरत होते.

सरांनी निशिगंधा नावाच्या मुलीला उठवलं. उत्तर तिच्या वहीत बरोबर होतं, दानेश्वरीला ते दिसत होतं. पण पोरीच्या तोंडून शब्द फुटेना.

"बस खाली! घरी काय म्हशी वळतीस व्हय?" सर गरजले.

दानेश्वरीनं स्वतःचेच गुडघे दाबून धरले.

मधल्या सुट्टीत सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "काय बघितलासा मॅडम? सांगा की."

छान झाला तास, एवढं म्हणून सुटता आलं असतं. तेच म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "सर, मागनं पोरांचे पाय दिसतात. कापत होते. त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं."

संयोगिता मॅडमचा चहाचा कप हातातच राहिला. इंटर्नशिपचा शेरा सरच देणार होते.

"उद्या तुम्ही घ्या तास," सर म्हणाले. "मी बसतो मागं."

दुसऱ्या दिवशी ती सहावीच्या वर्गात पुढं उभी राहिली. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर मांडली खरी, पण तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. सर मागं बसल्यानं पोरं आणखीच आखडलेली. शेवटी ती निशिगंधाच्या बाकाजवळ गेली. "इथं आधी काय करायचं गं?"

पोरीनं फळ्याकडं बघितलं. मागं सर खाकरले. दानेश्वरी जागची हलली नाही.

"छेद सारखे करायचे?" निशिगंधा पुटपुटली.

"हौदु!"

घरचा कन्नड 'हो' नेमका इथं बाहेर पडला. दानेश्वरीची कानशिलं तापली. आता संपलंच सगळं, असं तिला वाटतंय तोवर मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बघते तर सर! मग अख्खा वर्ग हसत सुटला, निशिगंधासुद्धा.

"बाई, हौदु म्हंजे व्हय न्हवं?" कुणीतरी ओरडलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि पुढचं गणित मांडलं.

तास संपल्यावर सर दारात थांबले. "आवाज वाढवा. मागं कायबी ऐकू येत न्हाय." जाता जाता त्यांनी निशिगंधाची वही मागून घेतली, कालच्या उत्तराला बरोबरची खूण केली आणि परत दिली.

दानेश्वरीची भीती काही गेली नाही. त्याच दुपारी आठवीचा तास तिच्या नावावर लागला, तेव्हा दोन घासांतच तिनं डबा झाकला. पण तास बदलून मागायला मात्र ती गेली नाही.