हवेसाठी दोन भोकं

‘डोळा उघडला. ये.’ दत्तूमामांचा मला आलेला शेवटचा मेसेज एवढाच. बुधवारी सकाळी आला, तेव्हा मी दुकानात झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद ओढत होतो. संध्याकाळी गावच्या नाटकाची तालीम होती. त्यात मी खलनायक, आणि माझ्यावाचून तालीम सुरू होत नाही असा माझा पक्का समज. मी उत्तरादाखल अंगठा पाठवला आणि उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी मामांनी पोफळीच्या बागेला पाणी लावलं, पाय धुतले, ओटीवर येऊन टेकले. शालूमामी चहा घेऊन बाहेर आल्या तोवर सगळं आटपलं होतं. निरोप आला तेव्हा माझ्या हातात दुकानाची चावी होती. दुकान उघडायचं की बंद ठेवायचं ते कळेना, म्हणून कुलपात ती नुसतीच इकडून तिकडे फिरवत राहिलो...

मेसेज वाचून कुणालाही वाटेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असावं. तसं नाही. मामा तरुणपणी बारा वर्षं पेणला गणपतीच्या एका कारखान्यात आखणीला होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. हे काम सगळ्यात शेवटी, आणि ते कुणाच्याही हाती देत नाहीत. त्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मालकाने मामांना एक नियम घालून दिला होता: डोळे उघडले की मूर्तीने आपल्या घरी जायचं, कारखान्यात रेंगाळायचं नाही. पुढे वडील गेले, बाग बघायला कुणी नव्हतं, म्हणून मामा श्रीवर्धनकडच्या आमच्या गावात परत आले. साठी उलटल्यावर एकदम जनावरं रंगवायला लागले आणि तो नियम त्यांनी जनावरांनाही लावला. शेकरू, पाणमांजर, धनेशाची जोडी, म्हसळ्याच्या बाजूची गिधाडं, सगळी त्यांच्या माजघरात भिंतीला टेकून उभी असायची, आणि एकालाही डोळा नसायचा. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा म्हटलं, “मामा, हे काय आंधळ्यांचं संमेलन भरवलंय?” मामा म्हणाले, “घर मिळेपर्यंत झोपलेत असं समज, नाटक्या.” मला ते कायम नाटक्याच म्हणत. माझं खरं नाव त्यांना आठवत होतं का, याची मला अजून शंका आहे.

ती चित्रं मी ऑनलाइन टाकायला लागलो ते उपकार म्हणून नाही. मला जाहिराती लिहायला आवडतात. स्टेजवर मिळत नाहीत तेवढ्या टाळ्या मला तिथे मिळायला लागल्या. मी मामांच्या नावाने एक पान काढलं, फोटो घेतले, खाली मजकूर लिहिला. लोक विचारायचे, हे छापील आहे का, कॉम्प्युटरवर काढलंय का. ‘ओरिजिनल’ हा शब्द मामांना आवडायचा नाही, मोटारीच्या सुट्या भागासारखा वाटतो म्हणायचे. म्हणून आम्ही ‘अस्सल’ लिहायचो. ‘शेकरू. अस्सल. एकच नग.’ गिऱ्हाईक नक्की झालं की मी मामांना कळवायचो. मग ते शिंपल्यात काळा रंग कालवायचे, अगदी बारीक ब्रश घ्यायचे, श्वास रोखायचे आणि डोळा काढायचे. त्या वेळी मामीसुद्धा स्वयंपाकघरात भांडं वाजू द्यायच्या नाहीत. डोळा झाला की चित्र त्याच दिवशी पोस्टात. दोन पुठ्ठ्यांमध्ये चित्र, वरून खाकी कागद, दोरी, आणि शेवटी मामा सुपारीची पोती शिवायचा दाभण घेऊन पुठ्ठ्याच्या कडेला, चित्राला लागणार नाही अशा बेताने, दोन भोकं पाडायचे. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचे, “डोळा उघडलाय ना आता? मग हवा नको?” चेहरा इतका सरळ, की थट्टा की खरं ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

आता एक कबुली. पोस्टातल्या बाई त्या भोकांना हरकत घ्यायच्या. पाऊसपाणी आत गेलं तर जबाबदारी कोणाची, हा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच होता. म्हणून मी पोस्टाच्या पायरीवर बसून प्रत्येक पार्सलाच्या दोन्ही भोकांवर चिकटपट्टी लावायचो. चारेक वर्षं लावली. मामांना कधी सांगितलं नाही.

पण सांगायचंय ते खवले मांजराबद्दल. हे एक चित्र घर मिळूनही जागं होणार नव्हतं. मामांचा दुसरा नियम असा, की डोळा पाहिल्याशिवाय काढायचा नाही. खवले मांजर त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तळ्याच्या रस्त्यावर, गाडीखाली आलेलं. अंग, खवले, नखं, शेपटी सगळं त्यांनी तिथेच बसून वहीत उतरवून घेतलं. डोळ्यापाशी आले तर तिथे मुंग्या लागलेल्या. “जन्मभर मुंग्या खाल्ल्या त्याने,” मामा मला म्हणाले, “आणि डोळा मुंग्यांनीच नेला.” मी म्हटलं, इंटरनेटवर हजार फोटो आहेत, दाखवतो. त्यांनी फोन माझ्या खिशात परत घातला. फोटोतलं जनावर फोटोवाल्याकडे बघत असतं, म्हणाले. एकदा जिवंत पाहायचं आणि मग डोळा काढायचा, एवढी एकच इच्छा ते बोलून दाखवायचे. वय पंच्याहत्तरच्या घरात, डोळ्यांत थेंब घालायला लागले होते. घाई होती, ते त्यांनाही माहीत होतं.

मला वाटलं, गिऱ्हाईक मिळालं की म्हातारा विरघळेल. म्हणून त्यांना न विचारता मी जाहिरात ठोकली: ‘खवले मांजर. अस्सल. एकच नग. विकणे आहे. घरी येऊन पाहावे.’ आमच्याकडे रेंजचा खेळ तुम्हाला ठाऊक असेल. मजकूर गेला, फोटो गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी मामांच्या अंगणात वनखात्याची जीप. एक तरुण वनरक्षक बाई आणि दोन माणसं उतरली, आणि बाईंनी मामांना विचारलं, माल कुठे ठेवलाय. मामांना वाटलं सुपारीबद्दल विचारतायत. त्यांनी खळं दाखवलं, माळा दाखवला, वर यंदा माल हलकाच आहे असंही सांगितलं. मी धापा टाकत पोचलो तोवर मामींनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं होतं आणि कुणी ते पीत नव्हतं. शेवटी माजघरात नेऊन चित्र दाखवलं. बाई बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं, “याला डोळा का नाही?” मामांनी सांगितलं. बाईंनी सरबत उचललं.

मी तिथल्या तिथे जाहिरात काढायला निघालो तर फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस दबक्या आवाजात म्हणाला, “तुमच्याकडं घेत्यात नव्हं खवल्या? माझ्याकडं हाय एक. जित्ता हाय.” मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी बोटाने खूण केली, चालू ठेव. वाचकहो, वीस वर्षं मी स्टेजवर खलनायक रंगवतोय, पण त्या दिवशी माजघरात, एक चित्रकार, वनखात्याची तिघं आणि भिंतीला टेकलेली डझनभर बिनडोळ्यांची जनावरं एवढ्याच प्रेक्षकांपुढे मी जो व्यापारी वठवला तो पुन्हा जमणार नाही. घासाघीस केली, खाकरलो, मधेच ‘शेठला विचारतो’ म्हणून थांबलो. मामा मात्र माझ्या बाहीला धरून एकच वाक्य पुटपुटत होते: “त्याला पाणी पाज म्हणावं.” मी तेही म्हटलं. व्यापाऱ्याच्या तोंडी ते शोभलं नाही, पण चालून गेलं. दुसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या रस्त्याला वनखात्याने त्या माणसाला पोत्यासकट धरलं.

कागदपत्रं, डॉक्टर, कोर्टाची परवानगी असं सगळं होऊन जनावर जंगलात सोडायचं ठरलं, तेव्हा त्या बाईंनी आपणहून मामांना निरोप धाडला. जागा सांगायची नाही असं कबूल केलंय, म्हणून सांगत नाही. दिवस कलला होता. पिंजऱ्याचं दार उघडलं आणि आतून एक शहाळ्याएवढा गोळा बाहेर काढून पाचोळ्यावर ठेवला. नुसते खवले. तोंड कुठे, शेपूट कुठे, काही कळेना. मामा जरा लांब एका दगडावर बसले. आम्ही बसलो, गोळा तसाच. अर्धा तास, पाऊण तास... मी फोनवर चित्रण करत होतो, पानावर टाकायला. हात भरून आला म्हणून कोन बदलायला उठलो, मागे गेलो, पाय अडखळला, फोन खाली पडला. तो उचलून वर बघतो तर पाचोळ्यात सळसळ तेवढी उरलेली. मामा दगडावर तसेच बसलेले, नजर अजून त्याच जागी. परतताना जीपमध्ये त्यांनीच विचारलं, “तुझ्या फोनने पाहिलं का रे?” माझ्या फोनने माझी चप्पल पाहिली होती. पुढच्या सीटवरच्या बाई इतक्या हसल्या, की जीप बाजूला घ्यावी लागली.

त्या फसलेल्या जाहिरातीखाली शिव्याच जास्त आल्या होत्या. त्यात वर्ध्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं एकाच ओळीचा मजकूर होता: हे चित्र असावं असा माझा अंदाज आहे, तसं असेल तर मला हवं. मी खरा प्रकार कळवला. त्यांनी लिहिलं, डोळा झाला की सांगा, थांबते. त्या थांबल्या. मामांना डोळा दिसला होता, पण हात कापायला लागला होता. सकाळी रंग कालवायचे, ब्रश उचलायचे, खाली ठेवायचे. शिंपल्यात रंग वाळून जायचा. मी चार-आठ दिवसांनी जाऊन विचारायचो, ते म्हणायचे, आज नाही. वर्ष गेलं असं. एकदा म्हणाले, “एकच ठिपका आहे रे. पण चुकला तर त्याने मला पाहिलंच नाही असं होईल.” आणि मग त्या बुधवारी तो मेसेज आला, आणि मी अंगठा पाठवला.

तेराव्यानंतर मामींनी मला माजघरात बोलावलं. बाकीची जनावरं तशीच झोपलेली. मधोमध खवले मांजर, आणि त्याचा डोळा... लहानसा, ओला, काळा. रागावलेला नाही, विनवणारा नाही. कुणी आहे का बाहेर, एवढंच बघणारा. तो माझ्यासमोर उघडला होता आणि मी पडलेला फोन उचलत होतो. तो पुन्हा उघडला तेव्हा मी तालमीला गेलो होतो. मी मामींना म्हटलं, हे मी ठेवून घेतो, वर्ध्याच्या बाईंना समजावतो. बोलताना मी डोळ्यांत पाणी वगैरे आणलं होतं. ते खोटं नव्हतं, पण त्याचा उपयोग मी करत होतो, हे मामींना कळलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “डोळा उघडलाय त्याचा. चौदा दिवस झाले. इतके दिवस त्यांनी कुणाला ठेवलं नव्हतं.” आणि खुंटीवरचा दाभण काढून त्यांनी माझ्या हातात दिला.

बाकीची चित्रं आहेत तशीच राहतील, त्यांचे डोळे काढायला दुसरं कुणी बोलवायचं नाही असं मामींनी ठरवलंय. पानावर मी तसं लिहिलं. जाहिरात नव्हती ती, म्हणून मला लिहायला वेळ लागला.

खवले मांजर मी दुकानात बांधलं. दोन पुठ्ठे, खाकी कागद, दोरी. दाभणाने कडेला दोन भोकं पाडली, मामा पाडायचे तेवढ्याच अंतरावर. पोस्टाच्या पायरीवर सवयीने बसलो, खिशातून चिकटपट्टी काढली, तिचं टोक नखाने शोधलं. मग पट्टी परत खिशात ठेवली आणि आत गेलो. पोस्टातल्या बाईंनी पार्सल हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, भोकांवरून अंगठा फिरवला. मी पाऊसपाण्याच्या सवालाची वाट बघत उभा होतो. त्यांनी शिक्का उचलला आणि भोकं वाचवून, जरा खाली, जपून मारला.